मालमत्ता करावर हरकत घ्यायची तर रकमेवर नको, गुणकावर बोट ठेवा

बिल आलं की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो: ‘एवढा कर कसा काय?’ मग दोन दिवस धुरळा, एक पत्र, खाली पन्नास सह्या, आणि वॉर्ड ऑफिसमध्ये आवक शिक्का. पुढे काहीच होत नाही. कारण पत्रात लिहिलेलं असतं ‘कर अवाजवी आहे, कमी करावा’, आणि करनिर्धारण खात्यातल्या माणसाला ‘अवाजवी’ नावाचा रकाना भरायचा नसतो. त्याच्यासमोर दर, क्षेत्रफळ, वय, मजला, वापर, बांधकामाचा प्रकार असे रकाने असतात. त्यातला एखादा चुकला आहे हे दाखवलंत तर त्याला तो तपासावाच लागतो. नियमच बदलायला हवा असं म्हणणं असलं, तरी हीच शिस्त लागते: कोणता आकडा, कोणत्या दारात, किती बदलायचा.

म्हणून आधी स्वतःचं बिल कसं तपासायचं ते पाहू. नियम कुठे तोकडे पडतात ते त्या ओघातच दिसतं.

मुंबईत कर कशावर बसतो

३१ मार्च २०१० पर्यंत कर भाड्यावर बसायचा. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा, ते ‘करपात्र मूल्य’. भाडं मात्र १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला जखडलेलं. परिणाम असा की गिरगावातल्या मोठ्या जुन्या घराचा कर बोरिवलीच्या नव्या छोट्या फ्लॅटपेक्षा कमी. फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिला की कर एकदम वर, कारण तिथे खरं भाडं कागदावर यायचं. लोक ते लपवायचे, हे वेगळं सांगायला नको.

१ एप्रिल २०१० पासून महापालिका अधिनियम १८८८ मधल्या दुरुस्तीने ‘भांडवली मूल्य’ आलं. घर कोण वापरतो, भाडं किती, हे बाजूला पडलं. आता मुद्रांक शुल्काच्या रेडी रेकनरमधला, म्हणजे सरकारने भागवार ठरवलेल्या जागेच्या दरांच्या कोष्टकातला, दर पायाला धरतात आणि त्याला गुणक लावतात. सरकारी भाषेत त्यांना भारांक म्हणतात.

भांडवली मूल्य = रेडी रेकनरवरून आलेला मूळ दर × कार्पेट क्षेत्र (भिंतींच्या आतलं) × वापराचा गुणक × बांधकामाच्या प्रकाराचा गुणक × वयाचा गुणक × मजल्याचा गुणक

या मूल्यावर वेगवेगळे कर टक्केवारीने बसतात: सर्वसाधारण कर, जल कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर. पाण्याला मीटर असेल तर पाण्याचे पैसे वेगळ्या बिलाने जातात आणि जल कराची ओळ या बिलात नसायला हवी. जल लाभ कराची मात्र असते. लोक या दोन्हींची गल्लत करून हरकत घेतात आणि ती पहिल्या मिनिटात फेटाळली जाते.

एक फ्लॅट कागदावर मांडू

खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. तुमच्या बिलावरचे वेगळे असतील.

मूळ दर चौरस मीटरला १,५०,००० रुपये. कार्पेट ६० चौरस मीटर, म्हणजे साधारण ६४६ चौरस फूट. वापर, प्रकार आणि मजला यांचे गुणक १ धरू, वयाचा ०.९०. भांडवली मूल्य झालं ८१ लाख. सगळे कर मिळून ०.३० टक्के धरले तर वर्षाचा कर २४,३०० रुपये, आणि सहामाही बिल १२,१५० रुपये.

आता एकच चूक करू. कार्पेटच्या जागी बिल्ट-अप, म्हणजे भिंतींसकटचं क्षेत्र, नोंदलं गेलं, ६० चे ७२ झाले. मूल्य ९७ लाख २० हजार, कर २९,१६०. वर्षाला ४,८६० रुपये जास्त. पाच वर्षांत हा फरक २४,३०० होतो, म्हणजे अख्ख्या एका वर्षाचा कर फुकट गेला. दुसरी चूक: वयाचा गुणक लागलाच नाही, १ धरला. मूल्य ९० लाख, कर २७,०००, वर्षाला २,७०० जास्त. गुणाकार असल्यामुळे चुका एकमेकींत गुंततात. दोन्ही चुका एकत्र झाल्या तर कर ३२,४०० होतो. नुसती बेरीज केली तर ३१,८६० यायला हवा होता.

हा हिशेब स्वतःच्या फ्लॅटचा, वहीच्या एका पानावर, हातानेच करा. एक्सेल नंतर.

एकेक आकडा कुठून आणायचा

क्षेत्रफळापासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच सापडतात. २०१७ नंतरच्या रेरा करारांत कार्पेट स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याआधीच्या बऱ्याच करारांत बिल्ट-अप, नाहीतर बिल्डरने हवेतून काढलेलं सुपर बिल्ट-अप असतं, आणि पुढे सगळीकडे तेच चिकटतं. तेव्हा करारावर विसंबू नका, मोजा. लेझर मीटर किंवा पोलादी टेप घ्या. कापडी टेप ताणला जातो, तो नको. प्रत्येक खोली भिंतीच्या प्लास्टरपासून समोरच्या प्लास्टरपर्यंत, जमिनीपासून हातभर उंचीवर, दोन ठिकाणी मोजा. जुन्या इमारतींत खोली क्वचितच काटकोनात असते, म्हणून दोन्ही मापांची सरासरी घ्या. इंग्रजी एल आकाराच्या हॉलचे दोन आयत पाडा. पॅसेज, संडास-बाथरूम, ओटा असलेली स्वयंपाकघराची कोनाडी जागा, काही सोडू नका. सोडलंत तर तपासणीला आलेला माणूस ते मोजेल आणि तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडेल. बाल्कनी, बंद केलेली बाल्कनी आणि फ्लॉवर बेड वेगळ्या ओळीत लिहा, आयतांच्या बेरजेत मिसळू नका. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. बिल मीटरमध्ये, करार फुटांत, आणि घोळ मधल्या कॅल्क्युलेटरवर होतो.

हे स्वतःचं माप समजुतीसाठी. हरकतीला जोडायला वास्तुविशारदाचा सही-शिक्क्याचा दाखला लागतो, मंजूर नकाशाच्या प्रतीसह. सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटचा एकदम करून घेतला तर माणशी खर्च किरकोळ पडतो.

वयासाठी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. ते नसलेल्या इमारती मुंबईत पायलीला पन्नास. तिथे जुनं कर बिल, पहिलं वीज बिल, पाण्याच्या जोडणीची मंजुरी असा जुना कागद शोधा. कर खात्यातून मिळणारा ‘इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट’ यासाठी सोन्यासारखा: इमारत कोणत्या वर्षी नोंदवहीत आली, किती खोल्या, कोणाच्या नावावर, हे त्यात असतं. चाळीचा पुनर्विकास करणारे हा कागद ओळखतात. करासाठीही तो उपयोगी पडतो हे फार जणांच्या ध्यानात येत नाही.

मूळ दरासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरचं ई-एएसआर, म्हणजे ऑनलाइन रेडी रेकनर, उघडा. मुंबई शहर किंवा मुंबई उपनगर निवडा, मग शहरात विभाग (माझगाव, माहीम, लोअर परळ), उपनगरात तालुका आणि गाव. तुमच्या जमिनीचा सी.एस. किंवा सी.टी.एस. (नगर भूमापन) क्रमांक ज्या मूल्यविभागात, म्हणजे एकच दर लागू असलेल्या पट्ट्यात, बसतो त्याचा निवासी सदनिकेचा दर पाहा. दोन गोष्टी सांभाळा. पहिली: आजचा दर नव्हे, तुमच्या मूल्यांकनासाठी जे वर्ष धरलं आहे त्या वर्षाचा दर बघायचा. पहिल्या फेरीत २०१०चा आणि पुढच्या फेरीत २०१५चा रेडी रेकनर धरला गेला. २०२०चा फेरबदल कोविडमुळे पुढे ढकलला गेला. चालू बिलाला कोणतं वर्ष लागू आहे ते आधी विचारून घ्या. दुसरी: मूल्यविभागाच्या सीमा पुष्कळदा रस्त्याच्या मधोमध जातात. समोरच्या फुटपाथवरच्या इमारतीचा दर तुमच्या माथी मारला गेला असेल, तर ती सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फायद्याची दुरुस्ती, कारण ती अख्ख्या इमारतीला लागू होते.

वापराच्या रकान्यात सोसायट्यांचं नुकसान होतं ते शेजाऱ्यांमुळे. तळमजल्यावरचा क्लिनिक, गच्चीवरचा मोबाइल टॉवर (टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मान्य केलं आहे), पार्किंगच्या जागेतलं गोडाऊन. त्यांचा कर बिगरनिवासी दराने बसणार, त्यात गैर काही नाही. प्रश्न असा की तो कोण भरतं. टॉवरची ओळ सोसायटीच्या बिलात असेल, तर ती कंपनीशी केलेल्या करारानुसार वसूल होते की सभासदांच्या मेंटेनन्समधून गुपचूप जाते, हे खजिनदाराला विचारा. आणि क्लिनिक पाच वर्षांपूर्वी बंद होऊन तिथे कुटुंब राहायला आलं असेल, तर वापर बदलल्याचं लेखी कळवल्याशिवाय जुना गुणक आपोआप उतरत नाही.

मजला आणि बांधकामाचा प्रकार पटकन तपासून होतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीला लिफ्टची समजून मजल्याचा गुणक लागलेला नाही ना, आणि लोड-बेअरिंग भिंतींची जुनी इमारत आरसीसी म्हणून नोंदलेली नाही ना, एवढं पाहा.

५०० फुटांची सवलत आणि सोसायटीचं गणित

१ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. (२०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता, बाकीच्या ओळी तशाच येत होत्या.) इथे क्षेत्रफळाची चूक जीवघेणी ठरते. ४४ मीटरचं घर नोंदीत ५२ झालं असेल, तर थोडा जास्त कर नव्हे, शून्याच्या जागी अख्खा कर. दोन खोल्या जोडून एक केलेलं घर नोंदीत एक धरलं आहे की दोन, हेही बघा.

पुष्कळ इमारतींत बिल सोसायटीच्या नावाने एकच येतं आणि कमिटी ते वाटते. आदर्श उपविधीत मालमत्ता कर स्थानिक प्राधिकरणाने ज्याला जसा लावला तसा घ्यावा असं आहे. प्रत्यक्षात खजिनदार एकूण रकमेला फ्लॅटच्या संख्येने भागून मोकळा होतो, कारण सोपं पडतं. मग ४५० फुटांच्या घराला माफी मिळूनही त्याच्या मेंटेनन्स बिलात कर दिसतो आणि ९०० फुटांवाल्याला त्याच्या वाट्यापेक्षा कमी बसतो. महापालिकेशी भांडण्याआधी हे घरातलं निस्तरा. बिलासोबत फ्लॅटनिहाय तपशील मिळवा, तो एजीएमसमोर ठेवा, आणि वाटप दुरुस्त करण्याचा ठराव इतिवृत्तात घ्या. मागच्या वर्षांचा फरक कुणाच्या बिलात कधी वळता करायचा हेही त्याच ठरावात लिहा, नाहीतर पुढची कमिटी कानावर हात ठेवते.

हरकत कशी लिहायची

मूल्य पहिल्यांदा ठरतं किंवा वाढतं तेव्हा नोटीस येते आणि तिच्यात हरकतीची मुदत छापलेली असते. ती आठवड्यांत मोजायची असते, महिन्यांत नाही, तेव्हा नोटीस आलेल्या दिवशीच पाकिटावर तारीख टाका. रखवालदाराच्या टेबलाच्या खणात पडून राहिलेली नोटीस हे हरकत बाद होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. हरकत वॉर्डातल्या सहायक करनिर्धारक व संकलक यांच्या नावे, लेखी. मालमत्ता खाते क्रमांक सगळ्यात वर. एका पत्रात एकाच खात्याचा विषय. मजकूर असा चालेल:

‘उपरोक्त खात्यातील सदनिका क्र. ७०२ चे कार्पेट क्षेत्र नोंदीत ७२.०० चौ. मी. दाखवले आहे. मंजूर नकाशा (प्रत जोडपत्र १) व वास्तुविशारदाचा मापन दाखला (जोडपत्र २) यांनुसार ते ६०.०० चौ. मी. आहे. ७२.०० हे बिल्ट-अप क्षेत्र असून ते करारनाम्याच्या पान ४ वर त्याच नावाने नमूद आहे (जोडपत्र ३). सबब क्षेत्रफळाची नोंद दुरुस्त करून भांडवली मूल्य ९७,२०,००० ऐवजी ८१,००,००० असे सुधारावे, व सुनावणीची तारीख लेखी कळवावी. इतर गुणकांबाबत हरकत नाही.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. जे बरोबर आहे ते बरोबर म्हटलं की उरलेल्या मुद्द्याला वजन येतं आणि सुनावणी दहा मिनिटांत संपते. ‘चूक कशी झाली’ हे सांगणारं वाक्यही सोडू नका. ७२ हा आकडा कुठून आला हे दाखवलं की दुरुस्ती करणाऱ्याला फाइलवर कारण लिहायला मिळतं, आणि त्याची सही त्या कारणावरच अवलंबून असते.

सुनावणीला मूळ कागद न्या, एकानेच बोला. निर्णय लेखी मागा. तो मान्य नसेल तर कलम २१७ खाली लघुवाद न्यायालयात अपील आहे. तिथे मुदत काटेकोर पाळतात आणि मागणी केलेला कर आधी जमा करावा लागतो.

म्हणूनच भांडण चालू असतानाही बिल भरा. ‘हरकत कायम ठेवून भरणा’ असं पत्र देऊन पोच घ्या. थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के दंड चढतो: आपल्या उदाहरणातल्या १२,१५० वर महिन्याला २४३ रुपये. तत्त्वासाठी तीन वर्षं न भरलेल्या सोसायट्या पुढे मुद्दा जिंकतात आणि दंडात हरतात.

मूल्यांकनाचे गुणक बिलावरून उलगडत नसतील तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागा: मूळ दर व मूल्यविभाग, क्षेत्र, चारही गुणक, रेडी रेकनरचं वर्ष. सात गोष्टी, सात ओळी. ‘आमच्या कराबाबत सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज म्हणजे तीस दिवस वाया.

नियमच बदलायचा असेल तर

तीन दारं आहेत आणि लोक हमखास चुकीचं ठोठावतात. मूळ दर मुद्रांक विभाग ठरवतो, दरवर्षी १ एप्रिलपासून लागू. त्यावरची सूचना आधीच्या हिवाळ्यातच पोचायला हवी. गुणक आयुक्त ठरवतात, स्थायी समितीच्या मंजुरीने. कराची टक्केवारी महापालिकेचं सभागृह ठरवतं. पण ५०० फुटांची माफी आणि वाढीवरच्या मर्यादा कायद्यातल्या आहेत, तिथे विधिमंडळच लागतं. नगरसेवकाला ‘५०० चे ७०० करा’ म्हणून निवेदन देण्यात फोटोपलीकडे काही नाही. ते आमदाराकडे, अधिवेशनाच्या आधी.

आता कळीचा दोष. २०१० मध्ये झटका बसू नये म्हणून मर्यादा घातली: निवासी मालमत्तेचा कर आधीच्या वर्षाच्या दुपटीपेक्षा जास्त नको, आणि पुढच्या प्रत्येक पंचवार्षिक फेरबदलात ४० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नको. हेतू चांगला. परिणाम पाहा. १९७२च्या इमारतीतला ६० मीटरचा फ्लॅट, जुन्या पद्धतीत वर्षाला २,५०० भरणारा. दुप्पट ५,०००, मग ४० टक्के वाढून ७,०००. सूत्राने येतात २४,३००. त्याच रस्त्यावरच्या नव्या इमारतीतला तेवढाच फ्लॅट पहिल्या दिवसापासून २७,००० भरतो, कारण त्याला ‘आधीचं वर्ष’च नाही. जवळपास चौपट. आणि सूत्राचा आकडा जागेवर थांबला तरी जुन्या फ्लॅटला तो गाठायला आणखी चार फेऱ्या लागतात: ९,८००, १३,७२०, १९,२०८, २६,८९१. वीस वर्षं. करपात्र मूल्य गेलं म्हणतो, पण १९४० चं भाडं या मर्यादेच्या बुरख्याआडून अजून बिलं लिहितंय.

इथे सुधारणा सुचवताना ‘मर्यादा काढा’ म्हणू नका. पेन्शनवर राहणाऱ्या माणसाला एकदम साडेतीनपट बिल कुणी पाठवणार नाही आणि पाठवूही नये. पाच वर्षांनी ४० टक्क्यांच्या उडीऐवजी दरवर्षी ७ टक्के सुचवा. पाच वर्षांत ते ४०.२६ टक्के होतात, म्हणजे जवळजवळ तेवढेच. पण कुणालाही उडी जाणवत नाही, आणि निवडणूक जवळ आली म्हणून अख्खा फेरबदल पुढे ढकलण्याचा मोह उरत नाही. सोबत दुसरी अट घाला: घर विकलं गेलं की नव्या मालकाला सूत्राचा पूर्ण कर. जुन्या रहिवाशाला संरक्षण, जागेला नाही.

दुसरा दोष ५०० फुटांच्या कड्याचा. ४९९ फुटांना शून्य, ५०५ फुटांना पूर्ण कर. शिवाय माफी क्षेत्रफळावर, किमतीवर नाही: लोअर परळच्या टॉवरमधला ४८० फुटांचा फ्लॅट मोकळा आणि मानखुर्दचा ५५० फुटांचा भरतो. यावर उतरंड सुचवता येते: ५०० ते ७०० फुटांमध्ये (क्षेत्र − ५००) ÷ २०० एवढाच हिस्सा लावायचा. ५०५ फुटांना अडीच टक्के, ६०० ला निम्मा, आपल्या ६४६ फुटांना सुमारे ७३ टक्के, म्हणजे २४,३०० च्या जागी साधारण १७,७००. यात महसूल बुडतो, आणि तो किती हे तुम्हीच आधी सांगितलं पाहिजे. माहिती अधिकारात ५०० ते ६०० आणि ६०० ते ७०० फुटांच्या निवासी खात्यांची संख्या आणि त्यांची एकूण मागणी विचारा. पहिल्या पट्ट्यातून सरासरी तीन चतुर्थांश, दुसऱ्यातून एक चतुर्थांश जाईल असा ढोबळ हिशेब मांडा, आणि तो भरून काढायला काय सुचवता तेही लिहा, उदाहरणार्थ ठरावीक भांडवली मूल्यावरच्या छोट्या घरांची माफी काढणं. जुलै २०१७ मध्ये जकात गेल्यापासून महापालिकेच्या हातातला स्वतःचा मोठा झरा हाच आहे. भरपाईची ओळ नसलेली सूचना लेखा विभागात अडते.

‘हे सगळं सोडा, दिल्लीसारखी युनिट एरिया पद्धत आणा’ असंही कुणी म्हणेल. दिल्लीत २००४ पासून वसाहती ए ते एच अशा आठ वर्गांत टाकल्या, ए ला चौरस मीटरमागे ६३० आणि एच ला १०० असा मूळ आकडा दिला. सोपं खरंच आहे, मालकाला स्वतः हिशेब करता येतो. पण भांडण संपत नाही, फक्त जागा बदलतं: आमची वसाहत बी कशी, सी का नाही. शिवाय एकाच गल्लीत चाळ, म्हाडाची इमारत आणि चाळीस मजली टॉवर उभे असलेल्या मुंबईत वसाहतीला एक अक्षर देणं फारच ढोबळ ठरेल. दिल्लीकडून घ्यावं ते एवढंच: बिल मालकाला घरबसल्या पडताळता आलं पाहिजे. प्रत्येक बिलाच्या पाठीमागे सहाही आकडे आणि रेडी रेकनरचं वर्ष छापा, ही मागणी बिनखर्चाची आहे आणि तिला कायदा बदलावा लागत नाही.

पुनर्विकासातल्या सोसायट्यांसाठी एक ठाम आधार आहे. ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल कायम ठेवून भांडवली मूल्य नियमांतले नियम २०, २१ आणि २२ रद्द ठरवले. जमिनीचं मूल्य ती आज जशी आहे तशीच धरायचं, पुढे मिळू शकणारा एफएसआय (भूखंडावर किती बांधता येईल त्याचं प्रमाण) आताच मोजून कर लावायचा नाही. इमारत पाडून रिकामा झालेला भूखंड किंवा अर्धवट बांधकाम यावर बिल आलं, तर त्यात भविष्यातला एफएसआय धरलेला नाही ना, हे आधी बघा. विकासकासोबतच्या करारात त्या काळातला कर कोण भरणार ही ओळही हवीच.

सूचना लिहिताना एक पान पुरे. वर कलम किंवा नियम क्रमांक, मग सध्याचा मजकूर, त्याखाली तुमचा मजकूर शब्दशः. नंतर तीन घरांचं कोष्टक: जुनं लहान, जुनं मोठं, नवीन मध्यम, प्रत्येकाचा आजचा कर आणि सुधारणेनंतरचा. एखाद्याचा वाढत असेल तर लपवू नका. मसुदा नियमांवर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा एकाच छापील मजकुराच्या हजार प्रती एक म्हणूनच मोजल्या जातात. त्यापेक्षा दहा सोसायट्यांनी आपापल्या तीन-तीन घरांचे आकडे पाठवले तर तीस उदाहरणं फाइलला लागतात. रेडी रेकनरच्या दराबद्दल असेल तर तुमच्या मूल्यविभागातल्या किमान दहा नोंदलेल्या व्यवहारांचे सूची क्रमांक २ (दस्तनोंदणीचे उतारे) जोडा, आणि लक्षात ठेवा की तिथला फ्लॅटचा दर बिल्ट-अप क्षेत्रावरचा असतो. करारातलं कार्पेट तसंच भागून तुलना केलीत तर रेडी रेकनरचाच दर कमी दिसेल आणि सूचना उलटेल.

आवक शिक्क्याची प्रत फाइलला लावा, आणि पुढचं सहामाही बिल आलं की रक्कम बघायच्या आधी क्षेत्रफळाचा रकाना बघा. मंजूर झालेली दुरुस्ती ज्या सहामाहीपासून धरायला हवी त्याच्या पुढच्या सहामाहीपासून लागलेली असते, असं बऱ्याचदा होतं. मधल्या काळाच्या जादा रकमेचं समायोजन वेगळं पत्र देऊन मागावं लागतं.